शुगर ग्लायडर ओरडतो म्हणजे रागावलेलाच असतो का?

निशाचरी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे शुगर ग्लायडरची (झाडांवर राहणारा, तरंगत झेप घेणारा, पोटावर पिशवी असलेला छोटा निशाचर प्राणी) जोडी आहे, गुंड्या (नर, नसबंदी झालेला) आणि बटण (मादी). ज्यांच्याकडे होते त्यांना जमेना म्हणून आमच्याकडे आले, त्यामुळे लहानपणापासूनचा इतिहास ठाऊक नाही.

इंटरनेटवर 'अमुक आवाज म्हणजे तमुक भावना' अशा याद्या ढिगाने मिळतात. त्या वाचून माझा गोंधळ वाढलाच आहे. गुंड्याच्या झोपायच्या पिशवीत हात घातला की तो असा काही कर्रकर्र करतो की पहिल्यांदा ऐकणारा माणूस दोन पावलं मागे सरकेल. पण हात तिथेच राहू दिला तर थोड्या वेळात तोच पठ्ठ्या बोट चाटायला लागतो. मग तो राग होता, भीती होती की नुसतं नाटक? रात्री मध्येच भुंकतो. एक भुंकणं, मग थांबा, मग पुन्हा एक, तेही पुतळ्यासारखा स्थिर उभा राहून. आणि बटण स्वतःशीच फिस्स फिस्स करत बसते. ती शिंकतेय की कोणावर फुत्कारतेय, कळत नाही.

माझं मत असं झालंय की आवाजांच्या याद्या कुचकामी आहेत. तुम्ही नेमकं कशावरून ओळखता?

उंबरठा

याद्या अगदीच कुचकामी नाहीत, अर्धवट आहेत. कर्रकर्र म्हणजे क्रॅबिंग, आणि क्रॅबिंग हा बचावाचा आवाज आहे हे त्या बरोबरच सांगतात. पण बचाव कशापासून, हे सांगत नाहीत.

हा प्राणी शंभर ते दीडशे ग्रॅमचा. जंगलात दिवसभर झाडाच्या ढोलीत कळपाने झोपतो. ढोलीच्या तोंडातून दिवसाढवळ्या आत कोण शिरतं? साप किंवा घोरपड. आता पिशवीत अचानक शिरलेला हात त्याच्या जागी राहून बघा. एवढ्याशा जिवाकडे पळायला जागा नाही, लढायला ताकद नाही, मग उरतो आवाज. तो अंगाच्या मानाने इतका मोठा आहे तो त्यासाठीच. वास ओळखीचा निघाला की प्रकरण मिटतं आणि चाटणं सुरू होतं. दोन्ही खरं आहे, नाटक कुठेच नाही.

उपाय सोपा आहे. आधी वास, मग हात. तुम्ही दिवसभर वापरलेल्या सुती कापडाचा तुकडा त्यांच्या पिशवीत ठेवा. हात घालण्याआधी बोला, पिशवीला बाहेरून हलकेच हात लावा.

कट्ट्यावरचा_कावळा

मला सकाळी सहाला कोणी उठवलं तर मीही क्रॅबिंग करतो. घरच्यांनी अजून पशुवैद्याला दाखवलेलं नाही एवढंच.

मृण्मयी_२

कावळेबुवा :))

निशाचरी, कर्रकर्र एकच असली तरी अंग वेगवेगळं बोलत असतं, तिकडे बघा. पाठीवर पडून चारही पाय वर आणि तोंड उघडं, म्हणजे भीतीची कमाल झाली. मागच्या पायांवर उभा राहून पुढचे हात उगारले असतील तर 'पुढे आलास तर चावेन', आणि तो खरंच चावतो. ओरडत ओरडत मागे सरकत असेल तर त्याला फक्त अंतर हवंय. खाण्याच्या वाटीपाशी दोघांची अर्ध्या सेकंदाची कर्र होते ती किरकोळ घरगुती बाचाबाची, त्यात आपण पडू नये.

कानही बघा. कान ताठ उभे आणि आवाजाच्या दिशेने फिरत असतील तर डोकं अजून ठिकाणावर आहे. कान मागे चिकटलेले आणि अंग आखडलेलं असेल तर तिथून पुढे काही शिकवायला जाऊ नका.

उंबरठा यांच्याशी बाकी सहमत, पण 'हात तिथेच ठेवा' या सल्ल्याला माझा विरोध आहे. सगळीकडे हेच सांगितलं जातं.

उंबरठा

मी तसं लिहिलेलंच नाही, पण आता विषय निघालाच आहे तर हो, मी तसंच करतो. ओरडलं की हात मागे जातो हे एकदा कळलं की तो प्रत्येक वेळी ओरडणार. त्याच्या दृष्टीने ते शस्त्र चाललं ना!

मृण्मयी_२

आणि हात न हलवता ठेवला आणि तो गप्प झाला, तर तो शांत झाला की हताश झाला हे कशावरून ठरवलंत? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. डोळे बटबटीत, श्वास भरभर, अंग दगड. याला लोक 'बघा, सवय झाली' म्हणतात.

माझी कसोटी खाण्याची. हातातून खाऊ घेऊन तिथेच बसून खाल्ला तर तो निवांत आहे. घेऊन कोपऱ्यात पळाला तर अर्धा निवांत. खाऊकडे बघितलंच नाही तर तुम्ही घाई करताय. हात त्याने ओरडायच्या आधी थांबला पाहिजे. म्हणजे मागे घेण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्याला 'ओरडलं की चालतं' हे शिकायची संधीही मिळत नाही.

उंबरठा

'ओरडायच्या आधी थांबवा' हे मान्य. पण पाठीवर पडून ओरडणाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं असेल तेव्हा तुमची खाण्याची कसोटी काय कामाची? तेव्हा पिशवीसकट उचलावंच लागतं.

मृण्मयी_२

पिशवीसकट उचलणं आणि पिशवीत हात घालणं यात फरक आहे काका.

उंबरठा

काका कोणाला म्हणता?

पशुवैद्य_पप्पू

व्यवसायाने पशुवैद्य, नाव कॉलेजातलं.

आधी बटणच्या फिस्स फिस्सबद्दल. ती बसल्या जागी हाताच्या पंजांत फिस्स करते आणि लगेच तेच पंजे तोंडावरून, कानांमागून फिरवते का? तसं असेल तर ती अंघोळ करतेय. पंजांवर थुंकी घ्यायची आणि तोंड पुसायचं, असा तो प्रकार. माझ्याकडे 'सर्दी झालीय' म्हणून येणाऱ्या ग्लायडरांत अशा अंघोळवाल्यांचा भरणा असतो. मागच्या पायाची दोन बोटं एकमेकांना जोडलेली दिसतील, तो जन्मजात कंगवा आहे. थुंकी लावून झाली की त्याने केस विंचरणं सुरू होतं.

खरी शिंक स्वच्छतेशी बांधलेली नसते, केव्हाही येते. नाक किंवा डोळे ओले असतील, श्वासाबरोबर टक् टक् आवाज येत असेल, तोंड उघडं ठेवून श्वास चालला असेल किंवा खाणं कमी झालं असेल तर त्याच दिवशी दाखवा. उद्यावर टाकू नका. दीडशे ग्रॅमच्या शरीरात पाणी आणि साखर कमी व्हायला फार वेळ लागत नाही.

आणि ओरडणाऱ्या ग्लायडरपेक्षा मला एरवी ओरडणारा आणि आज न ओरडलेला ग्लायडर जास्त काळजीत टाकतो. शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात. रोज हात घातल्यावर शिव्या देणारा आज पिशवीतून गुपचूप उचलू देतोय म्हणून मालक खूश होऊन व्हिडिओ काढतात, आणि इकडे त्याचे मागचे पाय ओढले जात असतात. कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त अशा आहाराचा हा नेहमीचा परिणाम, हाडं विरघळतात. फक्त फळं आणि किडे घालत राहिलं की हमखास होतं.

टोपीवाला_टोनी

डॉक्टर, थंड पडलेल्या ग्लायडरबद्दलही लिहा. आमचा एकदा हाताला गार लागला, हलवलं तरी काही नाही. घरात रडारड. शर्टाच्या आत धरून बसलो तर हळूहळू उठला आणि पहिलं काम काय केलं तर माझ्यावर कर्रकर्र!

पशुवैद्य_पप्पू

तो टॉर्पर. थंडी किंवा उपासमार झाली की शरीराचं तापमान उतरवून ऊर्जा वाचवतात. जंगलात हे काही तासांपुरतं असतं आणि त्यांना ते झेपतं. घरात मात्र ती धोक्याची सूचना समजा. खोली गार झालीय, किंवा खाणं पुरत नाहीये, किंवा आजार आहे. खोली साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवा. अंगाच्या उबेने सावकाश गरम करा, हीटरसमोर धरू नका. पूर्ण जागा होईपर्यंत तोंडात काही घालू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. आणि उठला तरी दाखवायला आणा. तुमच्यावर ओरडला हे उत्तम झालं :)

वडाची_साल

मुख्य प्रश्न राहिला की. भुंकणं!

माझ्याकडे आधी एकटा होता. रात्रभर भुंकायचा. 'एकटा आहे म्हणून भुंकतो' असं सगळे म्हणाले. दुसरा आणला. आता दोघे भुंकतात.

कट्ट्यावरचा_कावळा

तिसरा आणा, कोरस पूर्ण होईल.

मृण्मयी_२

साल, तरीही दुसरा आणलात हे योग्यच केलंत. एकटा ग्लायडर भुंको न भुंको, त्याला एकटं ठेवू नये. हे कळपात राहणारे प्राणी, एका घरट्यात सहा-सात प्रौढ आणि वर पिल्लं. एकटे पडलेले स्वतःची शेपटी, पाय कुरतडून जखमा करतात. आवाज कमी करायला म्हणून जोडीदार आणायचा नसतो.

वडाची_साल

ते मान्यच. तक्रार नाही, निरीक्षण नोंदवलं. शेजारी तक्रार करतात ती वेगळी.

रात्रपाळी

भुंकण्याचे निदान तीन प्रकार मला ओळखता येतात. पहिला इशाऱ्याचा: स्थिर उभा, एकाच दिशेला नजर, भुंकण्यांमध्ये अंतर. दोन भुंकण्यांच्या मधल्या वेळात तो ऐकत असतो. निशाचरी, तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. दुसरा हाकेचा: जाळीवर इकडून तिकडे फिरत, तुम्ही खोलीत आलात की बंद. तिसरा कंटाळ्याचा, लांबच लांब, एका लयीत, कशाकडेच न बघता. चाक नाही, चढायला फांद्या नाहीत, खाणं शोधावं लागत नाही, मग रात्रभर करायचं काय?

पहिल्यात मी दिवा न लावता नुसतं हळू आवाजात बोलतो. दुसऱ्यात उठत नाही, कारण हाक मारली की माणूस येतो हे त्याला एकदा कळलं की माझी झोप कायमची गेली. तिसऱ्यात चूक पिंजऱ्याची असते.

उंबरठा

दुसऱ्याबद्दल असहमत. नवीन घरात आलेला प्राणी हाक मारतोय आणि तुम्ही 'सवय लागेल' म्हणून पडून राहायचं?

रात्रपाळी

मघाशी ओरडणाऱ्यापुढून हात काढायला नको म्हणणारे तुम्हीच ना? तेव्हाही सवयीचंच कारण होतं :)

उंबरठा

मुद्दा मान्य. झोपतो आता.

झाडपाला

सगळं वाचलं. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. एका झेपेत पन्नास मीटरपर्यंत तरंगत जाणारा, निलगिरीचा रस आणि बाभळीवर्गातल्या झाडांचा डिंक शोधत रात्रभर हिंडणारा प्राणी खोलीभर पिंजऱ्यात ठेवायचा आणि मग तो का ओरडतो यावर चर्चा करायची? मुळात पाळावाच का?

निशाचरी

झाडपाला, राग नाही. हाच प्रश्न मलाही पडतो. पण हे दोघे जन्मापासून पिंजऱ्यातले आहेत, सोडायला त्यांना कुठलं जंगल नाही. आहेत तोवर नीट सांभाळायचे तर त्यांचं म्हणणं कळायला हवं, म्हणून हा धागा. नवीन कोणी हौसेने आणू नये याला माझा पूर्ण पाठिंबा. दहा-बारा वर्षं जगतात हे आणताना कोणी विचारातच घेत नाही.

पोथीनिष्ठ

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. जंगलातल्या वागणुकीचा दाखला देताना जपून. ज्याला सरसकट शुगर ग्लायडर म्हणत होते त्याच्या ऑस्ट्रेलियात २०२० साली तीन जाती केल्या गेल्या: पेटॉरस ब्रेव्हिसेप्स, पेटॉरस नोटॅटस आणि पेटॉरस एरियल. आणि अमेरिकेत पाळले जाणारे ग्लायडर आनुवंशिक तपासणीत मूळचे ऑस्ट्रेलियाचे निघालेच नाहीत, २०१९ च्या अभ्यासानुसार ते इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआतल्या सोरोंग भागातले. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानात टिपलेला आवाज आणि तुमच्या पिंजऱ्यातला आवाज हे जवळच्या, पण वेगळ्या कुळांचे असू शकतात. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत त्यात याचाही थोडा वाटा असेल.

आणि गोंडस म्हणून फार हुरळून जाऊ नका. टास्मानियात हे मूळचे नव्हेत, १८३० च्या दशकात माणसाने नेले. आज तिथे ते स्विफ्ट पॅरट या दुर्मिळ पोपटाच्या ढोलीत शिरून अंडी, पिल्लं आणि अंड्यांवर बसलेली मादीसुद्धा खातात.

कट्ट्यावरचा_कावळा

पक्षी म्हणून मी या धाग्यातून सुरक्षित अंतरावर जातो.

शेवंता_जागी_आहे

आमच्याकडे पिल्लं झाली होती, म्हणून हे कुणी न लिहिलेले आवाज. गर्भारपण जेमतेम सोळा दिवसांचं, पिल्लू जन्मतं तेव्हा वजन ग्रॅमचा पाचवा भाग. तेव्हा काही कळतही नाही. मग साधारण सत्तर दिवस आईच्या पोटावरच्या पिशवीत. बाहेर आलं की आई खायला गेल्यावर एक बारीक, चिरकी, थांबत थांबत येणारी रड सुरू होते. ऐकून जीव खालीवर होतो, पण लगेच हात घालू नका. आमच्याकडे आई परत यायच्या आत बापच जाऊन पिल्लांवर बसायचा, रड बंद. यांच्यात बापही पिल्लं सांभाळतो. आई पिल्लांजवळ एक खालच्या पट्टीतला, सलग, थरथरता आवाज काढते, लोक त्याला गाणं म्हणतात. मला ते गाणं वाटलं नाही, पण पिल्लं त्याने शांत व्हायची एवढं खरं.

रड वाढतच राहिली, आईबाप फिरकत नाहीत आणि पिल्लू गार लागलं तर मात्र वाट बघू नये.

टोपीवाला_टोनी

घुर्रघुर्र कोणी ऐकलीय का? आमचा खिशात झोपताना करतो. इतकी बारीक की कानाशी धरल्याशिवाय कळत नाही. आणि आवडीचं खाणं दिसलं की चिर्र चिर्र.

मृण्मयी_२

घुर्रघुर्र हो, आमच्या दोघीही करतात. निवांत असताना.

अजून एक, नवीन लोक घाबरतात म्हणून: उडी मारण्याआधी डोकं डावीकडे-उजवीकडे डोलावतात ते चक्कर आल्यामुळे नाही. अंतराचा अंदाज घेत असतात. डोलणं थांबलं की उडी आलीच, चहाचा कप बाजूला घ्या. आणि शेपटीच्या वेटोळ्यात कापडाच्या चिंध्या घेऊन पळताना दिसला तर घरटं बांधणं चालू आहे.

रात्रपाळी

वासाबद्दल कोणी बोललंच नाही, आणि माझ्या मते आवाजाचं निम्मं मूळ तिथे आहे. नराच्या डोक्यावर टक्कल दिसतं ती गंधग्रंथी. ती तो मादीच्या अंगाला घासतो, तुमच्या हाताला घासतो, सगळ्या कळपाला एकच वास लावतो. नसबंदीनंतर ते टक्कल हळूहळू भरतं. तुमच्या अंगावर मुततो तोही त्याच खात्यात.

आता आपण काय करतो, तर सुट्टीच्या दिवशी पिंजरा घासूनपुसून लख्ख, पिशव्या, दोऱ्या, सगळं एकदम धुवायला. त्याच्या दृष्टीने घरच बदललं. मग ती रात्र भुंकण्यात, मुतण्यात आणि एकमेकांवर फिस्कारण्यात जाते. एका वेळी निम्मंच धुवा. एक मळकी पिशवी राहू द्या. निशाचरी, भुंकणं धुण्याच्या दिवशी वाढतं का, तपासा.

निशाचरी

सगळ्यांचे आभार. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, मधल्या काळात नोंदी ठेवल्या आणि रात्री मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून ठेवला.

बटणचं फिस्स फिस्स ही अंघोळच, डॉक्टरांचं वर्णन तंतोतंत. कापडाचा तुकडा ठेवल्यापासून गुंड्याची कर्रकर्र निम्म्यावर आलीय. मृण्मयी म्हणते तशी ओरडण्याआधीची पायरी दिसायला लागली: आधी कान मागे जातात, मग खांदे वर येतात, मग आवाज. कान हलले की मी थांबते. गंमत म्हणजे संध्याकाळी उठायच्या वेळेला जवळजवळ ओरडतच नाही, दुपारी हमखास. तो वेळेचा भाग मी लक्षातच घेत नव्हते.

भुंकण्याचं अजून पुरतं उलगडलेलं नाही. काही रात्री रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या भुंकण्याआधी खिडकीच्या बाहेरून मांजराचा आवाज येतो, म्हणजे रात्रपाळींचा पहिला प्रकार. धुण्याच्या दिवशी वाढतं हेही खरं निघालं. पण उरलेल्या रात्री काहीच नाही. म्हणजे मला काहीच ऐकू येत नाही.

रात्रपाळी

त्याचे कान तुमच्यापेक्षा आणि मोबाईलपेक्षा तिखट आहेत. पिंजरा खिडकीपासून लांब करा, रात्री जाड पडदा ओढा आणि बघा.

वडाची_साल

पडदा करून बघितला की इथे सांगा. आमच्या शेजाऱ्यांना दाखवायला होईल.

निशाचरी

पडदा लावला, पिंजरा आतल्या भिंतीला नेला. गुंड्याचं भुंकणं बरंच कमी झालंय. आता कधीकधी बटण भुंकते.

उंबरठा

आणि ती भुंकत असताना गुंड्या काय करतो? उभा राहून त्याच दिशेला बघतो की जवळ जातो?

निशाचरी

जेवतो.